ज्यू परंपरा: माणसाची जबाबदारी किती, गावाची किती?

चौकस

तालमुदात (ज्यू पंडितांच्या चर्चांचा संग्रह) एक वचन आहे: सगळे इस्राएल एकमेकांना जामीन आहेत. उलट तोरात, म्हणजे बायबलच्या पहिल्या पाच पुस्तकांत (अनुवाद २४:१६), साफ म्हटलंय की मुलाच्या गुन्ह्यासाठी बापाला आणि बापाच्या गुन्ह्यासाठी मुलाला मारायचं नाही. संदेष्टा यहेज्केलच्या पुस्तकाचा १८वा अध्याय सबंध ह्याच मुद्द्यावर आहे. बापाने आंबट द्राक्षं खाल्ली म्हणून मुलांचे दात आंबणार नाहीत.

मग ही जामीनकी नेमकी कशाची? ह्यातलं तत्त्वज्ञान पुष्कळ ठिकाणी वाचायला मिळतं, ते इथे नको. कायदा हवाय. गावाने एखाद्याकडून पैसे घ्यायचे तर किती, कधीपासून, आणि कोणी घ्यायचे? तो नाही म्हणाला तर? आणि गावच चुकत असेल तर एकट्या माणसाच्या हातात काय असतं?

पोथीतला_किडा

जामीनकीपासून सुरुवात करतो. सान्हेद्रिन २७ब (तालमुदातला भाग आणि पान, पुढेही असंच) मध्ये ते वचन येतं तेच तुमच्या शंकेच्या संदर्भात. लेवीय २६:३७ मध्ये "ते एकमेकांवर अडखळून पडतील" असं आहे, त्यावरून एकाच्या पापाने दुसरा पडतो असा अर्थ काढलाय. मग लगेच प्रश्न: पण प्रत्येकाने आपापल्या पापासाठी मरावं असं लिहिलंय ना? उत्तर असं की जामीनकी लागते ती ज्याला अडवता येत होतं आणि ज्याने अडवलं नाही त्याला. हात पोचत नव्हता, तर बोजा नाही.

शब्बाथ ५४ब ह्याच्याच पायऱ्या लावून देतं. घरच्यांना रोखू शकणारा गप्प बसला तर घरच्यांच्या पापात धरला जातो. गावाला रोखू शकणारा गावाच्या, आणि जगाला रोखू शकणारा जगाच्या. बाबेलमधल्या ज्यूंचा जो राजमान्य प्रमुख असे, त्याच्या घराण्याला पंडित राव पापा ह्या शेवटच्या पायरीवर बसवतो. म्हणजे वजन जेवढं जास्त तेवढं देणं जास्त.

जामीनकीचा रोजच्या वापरातला परिणाम वेगळाच आहे आणि तो फार लोकांच्या लक्षात येत नाही. एखाद्याने स्वतःचा किद्दूश (शब्बाथच्या, म्हणजे विसाव्याच्या शनिवारच्या, द्राक्षारसावरचा आशीर्वाद) म्हणून झाला असला तरी तो शेजाऱ्याच्या घरी जाऊन त्याच्यासाठी पुन्हा म्हणू शकतो. शेजाऱ्याचं कर्तव्य बाकी आहे, आणि जामीनदाराच्या नात्याने ते अंशतः ह्याचंही बाकी आहे (रोश हाशाना २९अ). साध्या भाकरीवरच्या आशीर्वादाला मात्र हे चालत नाही. भाकरी खाच असा हुकूम कुणालाच नाही; देणंच नाही तिथे जामीन कशाचा? वल्हांडणाच्या रात्रीची मत्सा (बेखमीर भाकरी) खाणं सक्तीचं आहे, म्हणून तिथे पुन्हा चालतं.

आणि जे कर्म अंगाने करायचं, उदा. तफिलिन (तोरातली वचनं असलेल्या चामडी डब्या) बांधणं, ते दुसऱ्यासाठी करताच येत नाही. सगळं गाव जामीन राहिलं तरी माझ्या दंडावरचा पट्टा मलाच बांधावा लागतो.

हिशेबनीस

पैशाच्या प्रश्नाचं उत्तर लांबलचक आहे, कारण खरी यंत्रणा तिथेच आहे.

मिश्ना म्हणजे तालमुदाचा मूळ कायदेग्रंथ; त्याच्या काळापासून गावात दोन खाती. एक कुप्पा, म्हणजे रोख पेटी. तिचं वाटप शुक्रवार ते शुक्रवार, गावातल्याच गरिबांना, आठवडाभर पुरेल इतकं. दुसरी तमखुई, म्हणजे शिधा-जेवणाची परात. ती रोज गोळा करायची आणि रोज वाटायची, आणि तिच्यातून कुठल्याही वाटसरूला मिळतं.

घेणाऱ्याची पात्रता जेवणांवर मोजलेली आहे (पेआ ८:७). घरात दोन जेवणांचं अन्न असेल तर तमखुईला हात लावायचा नाही. चौदा जेवणांचं असेल तर कुप्पाला नाही. चौदा म्हणजे दिवसाला दोन ह्या हिशेबाने सात दिवस. आता शब्बाथला तर तीन जेवणं करायची असतात, मग पंधरा का नाहीत, ही शंका तालमुदानेच काढलीय (शब्बाथ ११८अ), आणि बरीच ओढाताण करून शेवटी रब्बी अकीवाच्या मतावर येऊन थांबलंय: शब्बाथ साध्या वारासारखा कर, पण लोकांवर विसंबू नकोस. सण साजरा करणं एरवी केवढं मोठं कर्तव्य! पण त्याच्यासाठी गावाच्या पेटीत हात घालायची मुभा नाही.

शेतात गरिबांसाठी सोडायच्या वाट्यांसाठी रेषा वेगळी: २०० झूझ, म्हणजे चांदीची नाणी (८:८). एक झूझ कमी असेल तर हजार जणांनी एकदम दिलं तरी घेता येतं. राहतं घर किंवा वापरातली भांडी विकून ये, असं त्याला सांगता येत नाही. पैसा धंद्यात फिरत असेल तर रेषा ५० झूझवर येते, कारण फिरते पन्नास हे पडून राहिलेल्या दोनशेच्या तोडीचे.

आता उगाहणी. कुप्पा दोघांनी गोळा करायची आणि तिघांनी वाटायची. गोळा करायला दोन, कारण समाजावर अधिकार चालवायला एकटा माणूस नेमत नाहीत. नाही म्हणणाऱ्याची वस्तू गहाण म्हणून उचलायचा हक्क त्यांना असतो. वाटायला तीन, कारण कुणाला किती हे ठरवणं म्हणजे पैशाचा निवाडा, आणि पैशाच्या निवाड्याला तीन पंच लागतात. तमखुईला दोन्हीकडे तीन, कारण गोळा करणं आणि वाटणं एकाच दिवशी, एकाच हाताने होतं.

बावा बात्रा ८ब मध्ये गब्बाईंवरचे (उगाहणी करणाऱ्यांवरचे) निर्बंध आहेत. दोघांनी एकमेकांपासून दूर जायचं नाही. एक दारात आणि दुसरा शेजारच्या दुकानात इतपत चालेल. रस्त्यात पैसे सापडले तर स्वतःच्या खिशात टाकायचे नाहीत, पेटीच्या थैलीत टाकायचे आणि घरी गेल्यावर काढून घ्यायचे. वाटायला गरीब नसतील आणि नाणी मोडायची असतील तर दुसऱ्याकडून मोडून घ्यायची, स्वतःशी अदलाबदल नाही. परातीतलं उरलेलं अन्न विकायचं तर तेही दुसऱ्याला. माणूस चोर आहे असं कुणी म्हणत नाही, पण बघणाऱ्याला संशयाला जागाच ठेवायची नाही.

आणि एवढं सगळं करून पुढच्याच पानावर: गब्बाईकडे हिशेब मागत नाहीत! आधार २ राजे १२ मधल्या मंदिरदुरुस्तीच्या कारागिरांचा. पोलंडचे रब्बी मोशे इस्सर्लेस (रमा) ह्यांनी सोळाव्या शतकात टीप जोडली की मागत नसले तरी गब्बाईने आपणहून हिशेब दिलेला बरा. मला विचाराल तर ही टीप पहिल्या दिवसापासून हवी होती.

गोदातीर

छान तपशील. पण सक्ती खरंच व्हायची की कागदावरच?

हिशेबनीस

व्हायची. बावा बात्रा ८ब वरच राव्हा ह्या पंडिताने राव नातान बर अम्मीकडून सक्तीने ४०० झूझ काढल्याची नोंद आहे. गहाणवस्तू शब्बाथच्या आदल्या दिवशीसुद्धा उचलता येते, "सवड नाही" ही सबब चालत नाही.

पण उलटा पट्टाही तिथेच. यिर्मया ३०:२० मधलं "जाचणाऱ्यांना मी शासन करीन" हे ह्या गब्बाईंना लावलंय: ज्याची ऐपत नाही त्याच्याकडून ओढून काढतील तर. बाराव्या शतकातला कायदेपंडित मैमोनिदीज पुढे म्हणतो की जो भिडेखातर ऐपतीबाहेर देतो त्याच्याकडे मागणंच निषिद्ध आहे.

रक्कम: दहावा हिस्सा मध्यम, पाचवा उत्तम. पाचव्याच्या वर जाऊ नये, हा उशा गावच्या सभेचा ठराव (कथुबोत ५०अ), कारण देणाराच उद्या परातीपुढे उभा राहील. खालची मर्यादा वर्षाला शेकेल ह्या नाण्याचा तिसरा हिस्सा. तीही पेटीवर जगणाऱ्या गरिबाला माफ नाही. त्याने मिळालेल्यातून थोडं द्यायचं. गरीब म्हणून त्याला देणाऱ्यांच्या यादीतून काढत नाहीत.

तळटीप

मुदतींचं राहिलं. नव्याने राहायला आलेला गावकरी कधी होतो, हा चौकस यांचा प्रश्न होता. बावा बात्रा ८अ: ३० दिवसांनी तमखुई, ३ महिन्यांनी कुप्पा, ६ महिन्यांनी कपड्यांचा निधी, ९ महिन्यांनी दफनाचा, १२ महिन्यांनी गावकुसाचा. मैमोनिदीजच्या ग्रंथात पहिल्या दोन उलट आहेत, कुप्पा ३० दिवस आणि तमखुई ३ महिने. त्यामुळे कोण कुठला आकडा देतो ते पाहून वाद घाला.

घर विकत घेतलं तर मुदत नाही. त्याच दिवसापासून गावकरी (मिश्ना, बावा बात्रा १:५). त्याच मिश्नात वेस, दरवाजा आणि अडसर ह्यांच्यासाठी गावकरी एकमेकांवर सक्ती करू शकतात असं आहे. वर्गणी माणशी घ्यायची, मालमत्तेवर की तटापासूनच्या अंतरावर, ह्यावर लगेच वाद आहे. तट फुटला तर आधी मरणार तो तटाजवळचा, म्हणून त्याने जास्त द्यावं, असा अंतरवाल्यांचा मुद्दा. विद्वानांना तटाची वर्गणी माफ, कारण त्यांचं अध्ययन त्यांना राखतं. विहीर खणायची असली की मात्र विद्वानांनाही सूट नाही. तहान त्यांनाही लागते.

बांधावरून

२०० झूझचा उल्लेख आला म्हणून शेताचं लिहितो. पेटीच्या आधीची व्यवस्था शेतातलीच.

पेआ: शेताच्या टोकाचा तुकडा न कापता सोडायचा. तोरात माप नाही, मिश्नाने खालची मर्यादा घातली, साठावा हिस्सा. त्याच्यावर शेत केवढं, गरीब किती, पीक कसं आलं हे पाहून. लेकेत: कापताना हातातून किंवा विळ्यातून सुटलेली कणसं. एक किंवा दोन पडली तर गरिबाची, तीन पडली तर मालकाची. शिखेहा: शेतात विसरलेली पेंढी. इथेही दोन गरिबाच्या आणि तीन मालकाच्या, हिल्लेल ह्या पंडिताच्या पीठाच्या मताने. दोन सेआ (जुनं माप) धान्याची भली मोठी पेंढी विसरलात तरी ती शिखेहा होत नाही, एवढी मोठी पेंढी गंजीत धरली जाते.

पेआ शेताच्या टोकालाच का, मधे का नाही? रब्बी शिमोनची चार कारणं आहेत (शब्बाथ २३अ). मधेच कुठेतरी सोडली तर आसपास कोणी नाही असं पाहून मालक आपल्या नात्यातल्या गरिबाला बोलावेल, आणि बाकीच्यांची लूट होईल. गरिबांना दिवसभर बांधावर ताटकळावं लागेल. टोकाला असली की कापणी कधी तिथे पोचेल त्याचा अंदाज येतो. रस्त्याने जाणारे म्हणतील ह्याने सोडलीच नाही. आणि चौथं, "कडेपर्यंत कापू नकोस" असंच लिहिलंय.

गरिबांसाठी दिवसातून तीन वेळा वाट मोकळी: सकाळी, दुपारी, आणि दिवस कलताना. पेआ हाताने उपटायची, विळा नाही आणि कुदळही नाही, म्हणजे एकमेकांना इजा होणार नाही (पेआ ४:४). माणसं भुकेली आहेत आणि हातात पातं आहे, तर काय होईल हे नियम करणाऱ्याला ठाऊक होतं.

साध्या पिकात ९९ गरीब म्हणाले "मालकाने वाटून द्यावं" आणि एक म्हणाला "आम्ही आमचं घेऊ", तर त्या एकाचं ऐकायचं. खजूर आणि मांडवावरचा वेल ह्यांच्यात उलट: ९९ म्हणाले "आम्ही चढून घेऊ" आणि एक म्हणाला "उतरवून वाटा", तरी त्या एकाचंच. बहुमत दोन्हीकडे बाद, कारण पहिल्यात घेण्याचा हक्क प्रत्येकाचा स्वतंत्र आहे आणि दुसऱ्यात झाडावरून पडून मरायचा धोका आहे.

चौकस

म्हणजे पेआ कुणाला द्यायची हे मालक ठरवू शकत नाही?

बांधावरून

अजिबात नाही. एका गरिबाला वेचू दिलं आणि दुसऱ्याला अडवलं, किंवा एकाला मदत केली, तर तो गरिबांची चोरी करतोय (५:६). त्याने फक्त बाजूला व्हायचं.

गोदातीर

एक अवघड प्रश्न. गावाने सक्ती करायची, वर्गणी ठरवायची, न ऐकणाऱ्याला बाजूला टाकायचं... आपल्याकडच्या जातपंचायतीत आणि ह्यात फरक काय? महाराष्ट्राने सामाजिक बहिष्काराविरुद्ध कायदा केला तो ह्याच गोष्टींसाठी ना?

पोथीतला_किडा

प्रश्न रास्त आहे आणि त्यावर पांघरूण घालण्यात अर्थ नाही. हेरेम, म्हणजे बहिष्कार, हे तिथलंही हत्यार होतंच. देवाणघेवाण बंद, मिन्यानमध्ये (सामूहिक प्रार्थनेला लागणाऱ्या दहा जणांत) मोजायचं नाही. स्पिनोझावर ॲमस्टरडॅमच्या समाजाने १६५६ मध्ये हेरेम घातला, त्यात कोणी त्याच्याशी बोलू नये, चार हातांच्या आत येऊ नये, त्याचं लिहिलेलं वाचू नये अशी कलमं आहेत. जातपंचायतीपेक्षा हे सौम्य होतं असं मी म्हणणार नाही.

फरक दाखवायचाच तर उलट दिशेच्या एका चालीत दिसतो. जर्मनी-फ्रान्सच्या ज्यूंमध्ये मध्ययुगात प्रार्थना अडवण्याचा हक्क होता. ज्याच्यावर अन्याय झाला आणि ज्याची दाद लागत नाही, त्याने सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) उभं राहून सामूहिक प्रार्थना किंवा तोरावाचन थांबवायचं आणि समाजाने माझी तक्रार ऐकायचं कबूल केल्याशिवाय पुढे जाऊ द्यायचं नाही. रब्बेनू गेर्शोम (माइंझ, अकराव्या शतकाचा आरंभ) ह्यांच्या नावावरच्या नियमांत ह्या हक्काला मर्यादा घातल्या आहेत. मर्यादा घालाव्या लागल्या म्हणजे लोक तो भरपूर वापरत असणार!

तळटीप

सहमत. शिवाय आज ह्यातली सक्ती जवळपास कुठेच उरलेली नाही. स्वतःचं न्यायालय आणि स्वतःचा कर असलेली ज्यू गावं अठराव्या-एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या राज्यांनी मोडली. आता कुप्पा म्हणजे ऐच्छिक निधी, गहाणवस्तू उचलायला कुणी येत नाही. कायदा तोच, मागे उभी राहणारी काठी गेली.

रेवदंडा_बंदर

कोकणाचा खरा संबंध इथे मिन्यानमुळे येतो, म्हणून लिहितो. बेने इस्राएल ह्या कोकणातल्या ज्यू समाजात सिनेगॉगला मशीदच म्हणत. मुंबईतली पहिली, शाआर हारहमीम, सामुएल इझिकेल दिवेकर ह्यांनी १७९६ मध्ये बांधली. मंडळीच्या कारभारात मुकादम, चौगुला, गब्बाई, हज्जान (प्रार्थना म्हणणारा), शम्माश (सेवक) अशी पदं. म्हणजे गावकीची दोन पदं मराठी मुलखातली, पेटी सांभाळणारा मिश्नातला.

मिन्यान म्हणजे तेरा वर्षांवरचे दहा पुरुष (सुधारणावादी पंथांत बायकाही मोजतात). दहा नसले तर काय अडतं ते नीट समजून घ्या. एकट्याची प्रार्थना अडत नाही. उभ्याने म्हणायची अमिदा घरीही होते. अडतं ते कद्दीश (सुतकी माणूस म्हणतो ती प्रार्थना), कदुशा आणि बारखू हे सामूहिक पाठ, आणि गुंडाळीतून तोरावाचन. म्हणजे दहावा माणूस आला नाही तर त्याचं स्वतःचं फारसं काही बिघडत नाही. बिघडतं ते ज्याचा बाप गेलाय आणि ज्याला कद्दीश म्हणायचाय त्याचं. म्हणून शुल्हान आरुख ही सोळाव्या शतकातली कायदेसंहिता (ओरह हाइम ५५) सांगते की जिथे मिन्यान रोज भरत नाही तिथे गावकरी एकमेकांवर दंड लावून हजेरीची सक्ती करू शकतात.

दहांनी सुरू करून काही उठून गेले तर सहा उरेपर्यंत सुरू केलेला भाग पुरा करता येतो. पण जो उठून गेला त्याच्याबद्दल ग्रंथ चांगलं बोलत नाहीत. नऊ जण असले आणि तोराचा कोश (गुंडाळ्या ठेवायची पेटी) धरून दहा मोजले तर? राव हूना म्हणाला चालेल. राव नाहमान म्हणाला, कोश काय माणूस आहे? (बराखोत ४७ब)

१९४८ नंतर बहुतेक कुटुंबं इस्रायलला गेली. अलिबाग, रेवदंडा, पेण इथे मशिदी उभ्या आहेत, घरं मोजकी. तिथे हा नियम पुस्तकातला राहत नाही. एका घराने गाव सोडलं तर उरलेल्यांचं तोरावाचन बंद पडतं.

मुक्काम_पोस्ट

दफनाबद्दल कोणीच लिहिलं नाही. माझ्या मते व्यक्ती आणि समाज ह्यांच्यातली सगळ्यात स्वच्छ वाटणी तिथे आहे.

मूळ नियम कडक: गावात मयत असेल तर सगळ्या गावाला काम बंद. राव हमनूना दरूमथा गावी गेला, मयतीचा शिंग वाजलेला ऐकला, आणि लोक कामं करताना दिसले. तो त्यांच्यावर बहिष्कारच घालायला निघाला होता. मग विचारलं, तुमच्यात मंडळ्या आहेत का? लोक म्हणाले, आहेत, पाळ्या लावल्या आहेत. मग मोकळे आहात, म्हणाला (मोएद कातान २७ब). प्रत्येकाचं कर्तव्य कुणीतरी नेमून पार पडतंय हे पक्कं असलं की बाकीचे सुटतात. नेमलेलं नसताना "कोणीतरी करील" म्हणून सुटका नाही. हेवरा कदीशा नावाच्या दफनमंडळांचा हा आधार. प्राग शहरातलं मंडळ १५६४ चं.

दुसरी गोष्ट त्याच पानांवर. एके काळी मयताचे कपडे इतके महाग पडत की मरणापेक्षा खर्च जड होई. नातेवाईक प्रेत टाकून पळत. रब्बान गमलीएलने स्वतःसाठी साध्या तागाचे कपडे सांगितले आणि मग सगळेच तसं करू लागले. सुतकाच्या घरी जेवण नेतानाही श्रीमंत चांदीच्या टोपल्यांतून नेत आणि गरीब सोललेल्या वेताच्या. ठरलं की सगळ्यांनी वेताच्याच. श्रीमंतांचं पेय पांढऱ्या काचेतून, गरिबांचं रंगीत. ठरलं की सगळ्यांना रंगीत, कारण रंगीत काचेत हलकी दारू कळत नाही. बदललं प्रत्येक वेळी श्रीमंताने. गरिबाला वर चढवायचा खर्च करण्यापेक्षा ते सोपं पडतं.

चौकस

जबरदस्त. आता उलटं विचारतो. व्यक्तीने स्वतःच्या पैशाने करायचं ठरवलं तर गाव "करू नको" म्हणू शकतं का?

पोथीतला_किडा

कैदी सोडवण्याच्या बाबतीत म्हणू शकतं. कैदी सोडवणं सगळ्या दानांत पहिलं, कारण कैदेत भूक, आजार आणि मृत्यू सगळंच आलं. तरीही मिश्ना (गित्तीन ४:६) म्हणते की किमतीपेक्षा जास्त खंडणी देऊन सोडवायचं नाही. तालमूद विचारतं, का? समाजावर बोजा पडतो म्हणून, की पळवणाऱ्यांना चटक लागते म्हणून? फरक तुमच्याच प्रश्नात पडतो. बोजा हे कारण असेल तर श्रीमंत बापाने स्वतःच्या खिशातून द्यायला हरकत नाही. चटक हे कारण असेल तर त्यालाही मनाई. लेवी बर दर्गाने मुलीसाठी १३,००० सोन्याचे दिनार मोजले हे उदाहरण पुढे केलं, तर अबय्ये म्हणतो, त्याने पंडितांच्या संमतीने केलं असं कोणी सांगितलं? मुद्दा तिथेच अर्धवट सोडलाय.

रोथेनबुर्गचे रब्बी मेईर १२८६ मध्ये जर्मन राजा रुडॉल्फच्या कैदेत पडले आणि १२९३ मध्ये एन्सिसहाइमच्या किल्ल्यात तिथेच वारले. परंपरा सांगते की प्रचंड खंडणी द्यायला समाज तयार होता, त्यांनीच नकार दिला. प्रेत सुटायला १३०७ उजाडलं. फ्रँकफुर्टच्या अलेक्झांडर विम्फेनने पैसे भरले. वर्म्सच्या दफनभूमीत दोघांच्या कबरी शेजारी-शेजारी आहेत.

हिशेबनीस

दानाच्या उतरंडीबद्दल कुणी लिहील म्हणून थांबलो होतो. मैमोनिदीजच्या आठ पायऱ्यांत सगळ्यात वरची: माणूस कोसळायच्या आत त्याला कर्ज, भागीदारी किंवा काम देणं. त्याच्या खालची, देणाऱ्याला घेणारा आणि घेणाऱ्याला देणारा ठाऊक नसणं. पेटीत टाकणं ह्याच्या जवळ जातं, पण तो लगेच अट घालतो की पेटीवरचा माणूस विश्वासू आणि कर्तबगार आहे हे माहीत असल्याशिवाय तिच्यात टाकू नये. गाव नेमतं, पण पारख देणाऱ्यानेच करायची.

कर्ज बिनव्याजी. तरीही साक्षीदारांशिवाय देऊ नये (बावा मेत्सिया ७५ब), घेणारा विसरतो आणि नंतर नाकारतो. आणि दर सातव्या वर्षाच्या अखेरीला कायद्यानेच कर्ज बुडतं, म्हणून लोक द्यायचेच बंद झाले, तेव्हा हिल्लेलने प्रोझबूल काढला. सावकार कोर्टापुढे लिहून देतो: अमुक ठिकाणच्या न्यायाधीशांनो, माझी येणी मी तुमच्या हवाली करतो, हवी तेव्हा वसूल करता यावीत. खाली न्यायाधीशांची किंवा साक्षीदारांची सही. व्यक्तीचं येणं बुडतं, कोर्टाचं नाही. अट एकच, कर्जदाराकडे थोडी तरी जमीन हवी. नसेल तर सावकाराने आपल्यातला कणभर तुकडा त्याच्या नावे करायचा. मागचं असं वर्ष सप्टेंबर २०२२ मध्ये संपलं, पुढचं २०२८-२९.

गोदातीर

शेवटचा बारीक प्रश्न. गाव लहान आहे, दोन गब्बाई मिळाले पण ते सख्खे भाऊ. चालतील? साक्षीला तर भाऊ एकत्र चालत नाहीत.

हिशेबनीस

पेटी सांभाळायला चालतात. रब्बी यहूदा हानासीने दोन भावांना कुप्पावर नेमलं होतं, बावा बात्रा ८ब मध्येच आहे. रक्कम जवळ ठेवण्यापुरता एकटा माणूससुद्धा पुरतो. वाटपाच्या तिघांत मात्र दोन भाऊ घेऊ नका, तिथे निवाडा आहे.